पेपर कुणाचा?

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांपुढे दोन चिन्हं होती. फुलावर शिक्का मारायचा म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानांवर मारायचा म्हणजे संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. या जनमत कौलाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. मात्र वृत्तपत्रांच्या दृष्टीनं त्यातली एक गोष्ट फार मोलाची आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. विलीनीकरणाच्या बाजूनं ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक लढत होतं, आणि विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत धारदार लेखन छापणारं ‘राष्ट्रमत’ हे दैनिकही मराठीच होतं. चंद्रकांत केणी यांचं ‘राष्ट्रमत’ मडगावहून निघे. त्यात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत. कोंकणीचा आणि वेगळ्या गोव्याचा कैवार घेणारं ते लेखन मराठीत होतं, कारण गोव्यातला वाचता येणारा हिंदू समाज पेपर वाचायचा तो मराठीत.

म्हणजे एकाच भाषेत, एकाच वाचकवर्गासमोर, घराघरात वाद घालता येईल अशा दोन बाजू रोज सकाळी दारात पडत होत्या. काकांच्या हातात एक पेपर, पुतण्याच्या हातात दुसरा. त्या वेळी गोव्यात एकच मराठी दैनिक असतं आणि ते एकाच मालकाचं असतं, तर निकाल काय लागला असता हे सांगता येत नाही. पण हजारो मराठी वाचकांना दुसरी बाजू आपल्या भाषेत वाचायलाच मिळाली नसती, एवढं खात्रीनं सांगता येतं. वृत्तपत्रांची मालकी विखुरलेली असण्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर माझ्यापाशी याहून चांगलं उदाहरण नाही.

मात्र गोव्याचं हेच उदाहरण जरा पुढे नेलं की अडचणीचं होऊ लागतं.

‘गोमन्तक’ २४ मार्च १९६२ रोजी सुरू झाला. गोवा मुक्त होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. सालाझारच्या पोर्तुगीज राजवटीत सेन्सॉरच्या कात्रीखाली गुदमरलेल्या समाजाला इतक्या लवकर आधुनिक छपाईचं, पूर्ण वाढीचं मराठी दैनिक मिळालं ही मोठी गोष्ट होती. बा. द. सातोस्करांसारखा ग्रंथवेडा माणूस त्याचा पहिला संपादक. गोव्यातल्या लिहित्या पिढ्या या पेपरच्या पुरवण्यांवर वाढल्या. पण यासाठी लागणारा पैसा आला कुठून? चौगुले उद्योगसमूहाकडून, म्हणजे मुख्यतः लोहखनिजाच्या धंद्यातून. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, ‘नवहिंद टाइम्स’ हे इंग्रजी दैनिक निघालं ते धेंपो समूहाचं. १९७० मध्ये त्यांनीच मराठी ‘नवप्रभा’ काढला. धेंपोही तेव्हा खाणमालक. १९८७ मध्ये ‘सुनापरान्त’ हे कोंकणी दैनिक आलं, ते साळगावकर या तिसऱ्या खाणमालक घराण्याचं. अलीकडच्या काळातले ‘द गोवन’ आणि मराठी ‘गोवन वार्ता’ फोमेंतो समूहाचे, म्हणजे तिंबलो घराण्याचे. त्यांच्याही खाणी.

नावं वेगळी, भाषा वेगळ्या, संपादकांचे पिंड वेगळे. धंदा मात्र एकच.

खाणीच्या पैशाशिवाय ही वृत्तपत्रं निघाली नसती, हे आधी मान्य करायला हवं. मुक्तीनंतरच्या गोव्यात छापखाना उभारून पहिली काही वर्षं तोटा सोसण्याची ऐपत दुसऱ्या कुणापाशी फारशी नव्हती. या पेपरांनी राजकारण, साहित्य, भाषावाद, सरकारचा कारभार यांवर मोकळेपणानं लिहिलं. कोंकणी-मराठी वादात तर एकमेकांवर तुटून पडले. ज्या विषयात मालकांचे हितसंबंध एकमेकांपासून वेगळे होते किंवा गुंतलेलेच नव्हते, तिथे भरपूर विविधता होती. प्रश्न येतो तो सगळ्या मालकांचं हित एकच असलेल्या विषयावर, आणि गोव्यात तो विषय म्हणजे खाण.

चीनची मागणी वाढली तशी या शतकाच्या पहिल्या दशकात गोव्याच्या खनिजाची निर्यात भरमसाट वाढली. सांगे, केपे, सत्तरी, डिचोली या तालुक्यांत भातशेतीत लाल गाळ उतरला, विहिरी आटल्या, रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागल्या. गावोगावच्या ग्रामसभा भांडत होत्या. गोवा फाउंडेशनसारखी संस्था कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. अखेर केंद्र सरकारनं नेमलेल्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला, तेव्हा बेकायदा खाणकामामुळे झालेल्या नुकसानीचा आयोगाचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचा होता. तीन दिवसांत राज्य सरकारनं खाणी थांबवल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की खाणपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती आणि त्यानंतरचं उत्खनन बेकायदा होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरणही रद्द झालं.

राज्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आर्थिक घोळ पाच वर्षं उघड्यावर चालला होता. तो धसास लावला तो एका स्वयंसेवी संस्थेनं, एका आयोगानं आणि न्यायालयानं. या पेपरांत खाणींबद्दल काहीच छापून आलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. आंदोलनाच्या बातम्या येत होत्या, काही पत्रकारांनी चिकाटीनं लिहिलं. पण बातमी येणं निराळं, आणि वृत्तपत्रानं एखादा प्रश्न आपला मानून वर्षानुवर्षं लावून धरणं निराळं. रोजची मोहीम, कागदपत्रं खणून काढणारी मालिका, पहिल्या पानावरचा अग्रलेख असं जे ‘गोमन्तक’ आणि ‘राष्ट्रमत’ यांनी १९६६-६७ मध्ये केलं, ते खाणीबाबत करायला मोकळ्या मालकीचा पेपर लागतो. त्यासाठी मालकानं फोन करण्याचीही गरज नसते. कुठल्या विषयात किती खोल जायचं हे न्यूजरूममधला शिकाऊ उपसंपादकसुद्धा महिन्याभरात ओळखतो.

याविरुद्ध कायदा का नाही, हा प्रश्न मनात आला की पुण्याला जावं लागतं. या देशात वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हणजे नेमकं कुणाचं स्वातंत्र्य, याचा पाया घालणारा खटला एका मराठी दैनिकानं लढवला आहे.

डॉ. ना. भि. परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथली वृत्तपत्रं त्यांनी जवळून पाहिली, आणि १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. अग्रलेखांच्या भरवशावर चालणाऱ्या मराठी पत्रकारितेत त्यांनी बातमीला मानाचं पान दिलं. मंडईतले भाजीचे भाव, नळाचं पाणी, गावातल्या वार्ताहराचं पत्र हा सगळा मजकूर त्यांच्या पेपरात आला. १९६० च्या सुमारास ‘सकाळ’ सात नव्या पैशांना मिळे आणि त्याचा खप ५० हजारांच्या वर होता.

त्याआधी, १९५२ ते ५४ या काळात, न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग बसला होता. आयोगाला दिसलं ते असं. ज्याच्यापाशी जाहिरातींचा पैसा आहे तो जास्त पानं कमी किमतीत देऊ शकतो. नव्या किंवा लहान पेपरला ते परवडत नाही. वाचक साहजिकच जास्त पानांचा स्वस्त पेपर घेतो. खप वाढला की जाहिराती आणखी वाढतात. या चक्रात लहान पेपर मरतात आणि मालकी थोड्या हातांत जाते. म्हणून आयोगानं सुचवलं, की किती किमतीला किती पानं द्यायची याचं कोष्टक सरकारनं ठरवावं. त्यावरून १९५६ चा किंमत-पान कायदा झाला आणि १९६० मध्ये प्रत्यक्ष आदेश निघाला. ‘सकाळ’पुढे दोनच मार्ग उरले. एक तर आठवड्याची पानं कमी करायची, नाहीतर किंमत वाढवायची.

‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. सोबत परुळेकर होते आणि, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, स्वतंत्र याचिका घेऊन पेपरचे दोन वाचकही गेले होते. सप्टेंबर १९६१ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरवले. निकाल लिहिला न्यायमूर्ती जे. आर. मुधोळकर यांनी. पेपरची पानं किंवा खप यांवर मर्यादा घालणं म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच मर्यादा घालणं आहे, असा त्याचा आशय. आजही वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या कुठल्याही चर्चेत हा खटला निघतोच.

निकाल चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पानं मोजून देण्याचा अधिकार एकदा सरकारच्या हाती गेला की तो कुणाविरुद्ध वापरला जाईल, हे सांगायला १९७५ च्या आणीबाणीची आठवण पुरेशी आहे. परंतु न्यायालयानं जे स्वातंत्र्य जपलं ते छापणाऱ्याचं होतं. त्या दोन वाचकांच्या याचिका त्याच्या मागून चालत होत्या. वाचकाला वेगवेगळे आवाज ऐकण्याचा स्वतःचा असा काही हक्क आहे का, हा प्रश्न त्या दिवशी बाजूला राहिला.

अकरा वर्षांनी तो पुन्हा आला. १९७२ च्या बेनेट कोलमन खटल्यात वर्तमानपत्राच्या कागदावरचं दहा पानांचं बंधन बहुमतानं रद्द झालं. एकटे न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू वेगळं बोलले. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बोलणाऱ्याबरोबर ऐकणारा समाजही येतो आणि थोड्या हातांत एकवटलेली वृत्तपत्रं विचारांची देवघेव आक्रसून टाकू शकतात, अशी त्यांची मांडणी होती. त्यांचं मत अल्पमतात गेलं. पुढे दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष मॅथ्यूच झाले. १९८२ च्या त्या आयोगाच्या अहवालात वृत्तपत्रांना इतर उद्योगधंद्यांच्या हितसंबंधांपासून अलग करण्याची शिफारस आली. तिचं पुढे काही झालं नाही.

आणि ज्या ‘सकाळ’नं हा लढा दिला त्याचं काय झालं? १९७३ मध्ये परुळेकर गेले. १९८५ मध्ये कंपनीचा कारभार प्रताप पवार यांच्याकडे आला. ते शरद पवार यांचे बंधू. परुळेकरांच्या कन्या क्लॉड-लीला यांनी समभागांच्या व्यवहारावरून दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे निकाल लागायला २००५ साल उजाडलं. पवारांच्या काळात ‘सकाळ’ राज्यभर पसरला, आवृत्त्या वाढल्या, ‘अॅग्रोवन’सारखं शेतीचं दैनिक निघालं, ‘साम’ वाहिनी आली. शेतकऱ्यासाठी रोज एक पूर्ण पेपर, ही गोष्ट लहान नाही. पण राज्यातल्या सर्वांत प्रभावी राजकीय घराण्याच्या आप्तांकडे राज्यातलं एक मोठं दैनिक असावं का, हा प्रश्न विचारण्याची जागा आपल्या कायद्यात कुठेही नव्हती. तो समभागांच्या खरेदी-विक्रीचा आणि कंपनी कायद्याचा विषय ठरला. वाचक त्यात पक्षकार नव्हता.

‘सकाळ’ एकटाच नाही. ‘लोकमत’ उभा केला जवाहरलाल दर्डा यांनी. ते राज्यात मंत्री होते. एक चिरंजीव राज्यसभेत गेले, दुसरे राज्यात मंत्री झाले. ‘सामना’ १९८८ मध्ये शिवसेनेचा म्हणून निघाला. तो निदान उघडपणे पक्षाचं मुखपत्र आहे. वाचकाला काय वाचतो आहोत ते ठाऊक असतं. मुंबईतली ‘लोकसत्ता’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ ही दोन्ही दैनिकं इंग्रजी वृत्तपत्रांच्या मोठ्या घराण्यांनी काढलेली. तिकडे चौगुल्यांचा ‘गोमन्तक’ही कालांतरानं ‘सकाळ’ समूहाकडे गेला. गोव्याच्या मातीतून उगवलेल्या पेपरची मालकी पुण्याला आली.

इथे कुणी म्हणेल, की मराठीत दैनिकं थोडी आहेत का? खरंच, संख्या कमी नाही. एवढ्याशा गोव्यातसुद्धा ‘गोमन्तक’, ‘नवप्रभा’, ‘गोवन वार्ता’ आणि बेळगाव, कोल्हापूर, नागपूरकडून आलेल्या दैनिकांच्या गोवा आवृत्त्या आहेत. पण आवृत्ती वाढली म्हणून आवाज वाढत नाही. जिल्हा आवृत्त्यांनी काय केलं ते पाहा. पूर्वी गडचिरोलीची बातमी नागपूरच्या पेपरात आली तर ती मुंबईच्या मंत्रालयातही वाचली जाण्याची शक्यता असे. आता गडचिरोलीची बातमी गडचिरोलीच्या पानावर येते आणि तिथेच मरते. पुण्याच्या वाचकाला ती दिसत नाही. पहिलं पान, अग्रलेख, देश-विदेश, पुरवण्या हे सगळं एका ठिकाणी तयार होतं आणि गावोगावी तेच जातं.

तालुक्याच्या वार्ताहराची स्थिती याहून बिकट. बहुतेकांना पगार नावापुरता किंवा मुळीच नाही. जाहिरातीवरचं कमिशन हीच कमाई. पेपरच्या वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी, नेत्याच्या वाढदिवसासाठी, सणासुदीच्या शुभेच्छांसाठी त्यानं साखर कारखान्याच्या अध्यक्षाकडे, पंचायत समितीच्या सभापतीकडे, बिल्डरकडे जायचं. मग त्याच सभापतीच्या टेंडरची बातमी त्यानं लिहायची कशी? जिल्ह्याच्या गावी निघणारी स्वतंत्र दैनिकं आणि साप्ताहिकं हा एकेकाळी मराठी सार्वजनिक जीवनाचा कणा होता. मोठ्या समूहांच्या रंगीत आवृत्त्या आल्या तशी त्यांपैकी बरीच शासकीय जाहिरातींवर तगून राहिली. सरकारी जाहिरातीवर जगणारा पेपर जिल्हाधिकाऱ्याला जाब विचारील ही अपेक्षा तरी कशी करायची?

मालक अनेक असले तरी आवाज एकच निघू शकतो, याचा पुरावा २००९ च्या विधानसभा निवडणुकीनं दिला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं गुणगान करणारा मजकूर एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दन् शब्द तोच, पण वेगवेगळ्या नावांनी छापून आल्याचं पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिलं. चव्हाण यांनी वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च काही हजार रुपयांत दाखवला होता. प्रकरण निवडणूक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी दिल्ली उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये आयोगाचा प्रतिकूल आदेश रद्द केला, त्यामुळे चव्हाण कायद्यानं दोषी ठरलेले नाहीत. पण तो मजकूर वाचलेल्या मतदाराला आपण बातमी वाचतो आहोत की जाहिरात, हे कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून केवळ मालकांची डोकी मोजून भागत नाही. उत्पन्न कुठून येतं, हेही पाहावं लागतं.

या सगळ्यात जो आवाज मुळातच बाहेर ठेवला गेला त्याची गोष्ट आणखी जुनी आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं. राजर्षी शाहूंनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पैसे घेऊन पाक्षिकाची जाहिरात छापायलाही ‘केसरी’नं नकार दिला होता. केवढा मोठा पेपर, केवढी मोठी परंपरा, आणि तरी अस्पृश्य समाजाच्या पाक्षिकाची चार ओळींची पैसे मोजलेली जाहिरात त्यात मावली नाही. १९२७ मध्ये निघालेलं ‘बहिष्कृत भारत’ बाबासाहेब जवळजवळ एकहाती लिहीत. दोन-अडीच वर्षांत पैशाअभावी ते बंद पडलं. मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत. त्यांना पुन्हा पुन्हा नवं पत्र काढावं लागलं, कारण दुसऱ्याच्या पेपरात आपला प्रश्न आपल्या शब्दांत येणार नाही याची त्यांना खात्री पटली होती. १९४३ मध्ये पुण्यात रानडे जयंतीच्या भाषणात त्यांनी, पत्रकारिता हा एकेकाळी व्यवसाय होता, आता तो व्यापार झाला आहे, अशी खंत बोलून दाखवली होती.

शंभर वर्षांनी चित्र किती बदललं? २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी देशातल्या प्रमुख, बव्हंशी इंग्रजी आणि हिंदी, माध्यमांची पाहणी केली. वरच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर तथाकथित उच्च जातींतले पत्रकार होते. अनुसूचित जाती किंवा जमातींमधलं एकही नाव नव्हतं. मराठीसाठी वेगळी पाहणी केली तर आकडा फार निराळा येईल, असं मला वाटत नाही. संपादक नेमतो तो मालक. मालक थोडे आणि एकाच थरातले असले, की संपादकही त्याच ओळखीतून येतात.

दूरचित्रवाणीनं आशा दाखवली होती. २००७-०८ च्या सुमारास ‘झी २४ तास’, ‘स्टार माझा’, ‘आयबीएन लोकमत’ लागोपाठ आल्या तेव्हा गावोगावच्या तरुण पत्रकारांना वाटलं, की आता दिल्लीच्या नजरेनं महाराष्ट्र पाहण्याचे दिवस संपले. काही वर्षं खरंच चांगलं काम झालं. दुष्काळ, सिंचन, ऊसदर यांवर कॅमेरा शिवारात गेला. पण वाहिनी चालवायला लागणारा पैसा पेपरपेक्षा कितीतरी जास्त, आणि तो पैसा बाहेरून आला. ‘स्टार माझा’ २०१२ मध्ये ‘एबीपी माझा’ झाली, मालक कोलकात्याचा आनंदबझार समूह. ‘टीव्ही ९’ची कंपनी हैदराबादची. २०१४ मध्ये नेटवर्क १८ समूह रिलायन्सच्या ताब्यात गेला आणि ‘लोकमत’बरोबरची भागीदारीतली वाहिनी त्याबरोबर त्या छत्राखाली आली. २०१८ मध्ये रिलायन्सनं डेन आणि हॅथवे या मोठ्या केबल कंपन्यांमधला मोठा हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. म्हणजे वाहिनी त्यांची, ती घरात आणणारी केबल त्यांची, आणि तीच बातमी मोबाइलवर पाहायची तर जिओही त्यांचंच.

२०२२ च्या अखेरीस एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेली. २०२४ च्या महाराष्ट्र दिनाला ‘एनडीटीव्ही मराठी’ सुरू झाली. हाच समूह मुंबईचा विमानतळ चालवतो, उपनगरांत वीज पुरवतो, आणि धारावीचा पुनर्विकासही त्याच्याकडेच आहे. लाखो माणसांची घरं आणि धंदे ज्या प्रकल्पात अडकले आहेत त्याचा विकासक आणि मराठी वृत्तवाहिनीचा मालक एकच असावा का? तिथले पत्रकार प्रामाणिक असतील, नव्हे, असतीलच. तरी वाहिनीचं धारावीबद्दलचं वार्तांकन पाहताना धारावीकराच्या मनात जी शंका येईल ती रास्त आहे. ती फेडण्याची जबाबदारी त्याची नाही, कायद्याची आहे.

कायदा काय करू शकतो हे शोधायला नव्यानं बसायची गरजही नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ‘ट्राय’नं, १२ ऑगस्ट २०१४ रोजी माध्यमांच्या मालकीबाबत सविस्तर शिफारशी केल्या. राजकीय पक्ष, धार्मिक संस्था आणि सरकारी यंत्रणा यांना प्रसारणात येऊ देऊ नये. उद्योगसमूहांच्या प्रवेशावर मर्यादा असावी. एका भाषेच्या बाजारपेठेत वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी दोन्हींवर एकाच मालकाचा वरचष्मा नको, आणि तो मोजायचा कसा याची पद्धतही त्यांनी दिली होती. मालकीची आणि समभागांची माहिती लोकांसमोर ठेवावी असंही सांगितलं होतं. २०२२ मध्ये ट्रायनं त्याच विषयावर पुन्हा चर्चापत्र काढलं. दरम्यान सरकारं आली, गेली. एकाच समूहाकडे दैनिक आणि वृत्तवाहिनी दोन्ही असू नयेत असं सांगणारा कायदा या देशात नाही. सत्तेत कुणीही असो, मालकांशी भांडण नको असतं, आणि अनेक ठिकाणी मालक स्वतःच सत्तेत असतात.

मोबाइलनं हा प्रश्न सोडवला, यूट्यूबवर कुणीही बोलू शकतं, असं हल्ली ऐकू येतं. स्वतंत्र पत्रकारांना तिथे जागा मिळाली हे खरं आणि स्वागतार्हही. पण कुणाचा व्हिडिओ कुणाला दाखवायचा हे ठरवणाऱ्या कंपन्या दोन-तीनच आहेत आणि त्यांचं मुख्यालय आपल्या हाकेच्या टप्प्यात नाही. शिवाय एकटा पत्रकार मत मांडू शकतो. जिल्हा परिषदेच्या फायली सहा महिने वाचत बसण्यासाठी संस्था लागते, वकील लागतो, महिन्याचा पगार लागतो.

मराठीत दुसरी वाट नव्हती असं नाही. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’ काढला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला स्वतःचं दैनिक हवं होतं आणि ते मिळालं. माजगावकरांचं ‘माणूस’ साप्ताहिक पंचवीस वर्षं चाललं. पण व्यक्तीच्या बळावर उभी राहिलेली अशी पत्रं बहुधा त्या व्यक्तीबरोबर थकतात. ‘साधना’ टिकली. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेलं हे साप्ताहिक न्यासाच्या मालकीचं असल्यानं कुणाला विकत घेता आलं नाही. खप मोठा नाही, तरी पंचाहत्तरी ओलांडून ते चालू आहे. दैनिक चालवणं साप्ताहिकापेक्षा शतपट अवघड, हे मान्य. पण न्यास, सहकारी संस्था, वाचक-सभासदांची कंपनी असे प्रकार सहकारी साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था उभारणाऱ्या महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. दूध गोळा करायला आपण गावोगावी सोसायट्या काढल्या. बातमीसाठी त्या का काढू नयेत, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

सरकारकडे तीन गोष्टी मागायला हव्यात, आणि त्या कुठल्याही पक्षाच्या सरकारकडे मागायला हव्यात. ट्रायच्या २०१४ च्या शिफारशींवर संसदेत चर्चा घडवून कायदा करावा. प्रत्येक दैनिकानं आणि वाहिनीनं आपले खरे मालक आणि त्यांचे इतर धंदे लोकांपुढे सोप्या मराठीत ठेवावेत. आणि शासकीय जाहिरातींचं वाटप मंत्र्याच्या मर्जीतून काढून जाहीर नियमांनी व्हावं.

वाचकांकडे मागणं त्याहून लहान आहे. वर्षानुवर्षं वृत्तपत्र नोंदणीच्या नियमांप्रमाणे मार्चच्या सुरुवातीला पेपरांत एक चौकट छापून येत असे. मालकी व इतर बाबींचं निवेदन, फॉर्म ४, नियम ८. प्रकाशक कोण, मालक कोण, एक टक्क्याहून जास्त भांडवल कुणाचं, हे सगळं त्यात असे. बारीक टायपातली ती चौकट फार थोड्यांनी वाचली असेल. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाची ओळ आजही असते. उद्या सकाळचा पेपर हातात आला की आधी ती वाचा, त्या कंपनीचा आणखी कोणता धंदा आहे ते शोधा, आणि त्या धंद्याबद्दल तुमच्या पेपरात गेल्या वर्षभरात काय छापून आलं ते आठवून पाहा. आणि तुमच्या जिल्ह्यात कुणी स्वतःच्या हिमतीवर प्रामाणिक पेपर, साप्ताहिक किंवा मासिक चालवत असेल, तर त्याची वार्षिक वर्गणी या दिवाळीत भरा.